घरट्यांची राखण

दर नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतो. 5 नोव्हेंबर हा वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्ष्यांच्या नावाने पाळला जातो. 2025 मध्ये मात्र पहिल्याच दिवशी मन जड होते. त्या वर्षी 18 जूनला चितमपल्ली गेले. ज्या सोलापुरात 1932 साली ते जन्मले, जिथे 2006 साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बोलले, त्याच सोलापुरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. उमेदीची वर्षे विदर्भातल्या जंगलांना देऊन उतारवयात ते आपल्या गावी परतले होते. त्यांच्यावाचूनचा तो पहिला पक्षी सप्ताह होता.

आमचे दुधनी हे त्यांच्याच जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. इथून पुढे कर्नाटक. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजार समितीत दोन्ही, अशी इथली रीत. नोव्हेंबर लागला की तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो, काळ्या रानात मालदांडी ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, आणि संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळात वळणे घेत वस्तीच्या झाडांकडे जाऊ लागतात. त्या मध्य आशियातून येतात. माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या ससाणेही तसेच दूरचे. बोरी नदीवरच्या कुरनूर धरणाच्या पाण्यावर बदके आणि चिखलपक्षी उतरतात. हिवाळ्याचे चार महिने आपला हा कोरडा मुलूख परदेशी पाहुण्यांनी भरलेला असतो.

या पाहुण्यांपैकी एकावर आज लिहायचे आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उजनीच्या पाणपसाऱ्यावर, दर हिवाळ्यात ऑस्प्रे येतो. घारीपेक्षा मोठा, पोट पांढरे, डोळ्यातून मागे गेलेला काळा पट्टा. त्याचे जेवण म्हणजे मासा, दुसरे जवळजवळ काही नाही. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो, पाय पुढे करून सूर मारतो, आणि वर येतो तेव्हा मासा दोन्ही पंजांत घट्ट धरलेला असतो. माशाचे तोंड तो उडण्याच्या दिशेने वळवून घेतो, म्हणजे वारा कमी अडतो. तळव्यांवर खरखरीत काटे असतात आणि बाहेरचे बोट मागे फिरवता येते, त्यामुळे निसटता मासाही सुटत नाही. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर बसून तो मासा सोलून खातो. मार्च उजाडला की निघून जातो.

उजनीवर तो घरटे करत नाही. त्याचे घर उत्तरेकडच्या थंड देशांत, नद्यांच्या मुखांशी, सरोवरांच्या आणि समुद्राच्या काठावर असते. आपण पाहतो तो त्याचा हिवाळा. त्याचा संसार, अंडी, पिल्ले हे सगळे दुसऱ्यांच्या अंगणात होते, आणि जगभरच्या ऑस्प्रेंची काही अंगणे अशी आहेत की तिथे साधी माणसे रात्रंदिवस राखण करत बसतात. त्यांना कोणी पगार देत नाही. शिक्षक, निवृत्त टपालवाले, शाळेतली पोरे, मच्छीमार. एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात वही. या वहीने काय काय केले ते दुधनीतल्या वाचकाला सांगावेसे वाटते, कारण त्या वहीची गरज आता आपल्याला आहे.

ब्रिटनमध्ये ऑस्प्रे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. मासे पळवतो म्हणून तळ्यांच्या मालकांनी मारला, आणि जे उरले त्यांच्यामागे अंडी गोळा करणारे हौशी लागले. त्या काळी सधन घरांत दुर्मीळ पक्ष्यांची अंडी कापसाच्या खणांत मांडून ठेवणे हा छंद होता. पक्षी जितका कमी, तितके अंडे मोलाचे. 1916 नंतर स्कॉटलंडमध्ये घरटे उरले नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1954 साली, एक जोडी परत आली आणि लॉक गार्टन नावाच्या सरोवराच्या परिसरात पाइनच्या झाडावर बसली. पक्षी संरक्षण संस्थेचे जॉर्ज वॉटरस्टन आणि त्यांचे मोजके सहकारी गुपचूप पहारा करू लागले. जागा कोणाला कळू द्यायची नाही, हे त्यांचे धोरण होते.

ते धोरण 1958 साली कोसळले. पहारा चालू असताना, रात्रीच्या अंधारात, एक अंडीचोर झाडावर चढला. पहारेकरी धावले, तो पळाला. सकाळी घरट्यात पाहिले तर कोंबडीची अंडी, ऑस्प्रेच्या अंड्यासारखी दिसावीत म्हणून तपकिरी बूटपॉलिशने रंगवलेली. चाळीस वर्षांनी उमललेला संसार एका रात्रीत मोडला.

पुढच्या वर्षी वॉटरस्टन यांनी जे केले ते धाडसाचे होते. त्यांनी जागा जाहीर करून टाकली. झाडाभोवतीचा परिसर कायद्याने संरक्षित करून घेतला, बुंध्याला काटेरी तार गुंडाळली, आणि पुरेशा अंतरावर एक लाकडी आडोसा उभारून लोकांना बोलावले: या, दुर्बिणीतून बघा. 1959 च्या त्या एका हंगामात सुमारे 14,000 माणसे आली. तीन पिल्ले उडाली. चोराला यायला जागाच राहिली नाही, कारण तिथे आता सगळ्या गावाचे डोळे होते. स्वयंसेवक तंबूत राहत, पाळीपाळीने बसत आणि प्रत्येक गोष्ट लिहीत. मादी कधी उठली, नर अंड्यांवर किती वेळ बसला, मासा किती वाजता आला, कावळा जवळ आला तर काय झाले. आज ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या अडीचशेहून अधिक जोड्या असल्याचे मानले जाते. सगळे श्रेय एका झाडाला देता येणार नाही. पण लपवून ठेवण्यापेक्षा लोकांच्या स्वाधीन करणे जास्त सुरक्षित ठरू शकते, हे त्या झाडाने दाखवले.

अटलांटिकच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाची. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या टोकाशी गार्डिनर्स आयलंड नावाचे बेट आहे. डेनिस प्युलस्टन नावाचा एक निसर्गप्रेमी गृहस्थ 1948 पासून तिथली ऑस्प्रेची घरटी मोजू लागला. सुरुवातीला तीनशेच्या घरात घरटी होती. दर उन्हाळ्यात जायचे, मोजायचे, अंडी किती, पिल्ले किती ते लिहायचे. हे काम त्याच्यावर कोणी सोपवलेले नव्हते. वर्षे जाऊ लागली तसे आकडे घसरू लागले. 1966 च्या सुमारास घरटी साठीच्या आत आली आणि उडती झालेली पिल्ले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पक्षी यायचे, घरटे करायचे, अंडी घालायचे, आणि अंडी आईच्याच वजनाखाली फुटायची. डासांसाठी खाडीच्या दलदलीवर डीडीटी फवारले जात होते. ते माशांत उतरले, माशांतून ऑस्प्रेत गेले, आणि अंड्याचे कवच पातळ झाले.

याच सुमारास लाँग आयलंडवरच्या डासनिर्मूलन खात्यावर खटला भरला गेला, तेव्हा प्युलस्टनची वही आणि त्याने काढलेले तक्ते न्यायालयात मांडले गेले. पुढच्याच वर्षी, 1967 साली, त्या मंडळींनी पर्यावरणासाठी न्यायालयात लढणारी संस्था काढली आणि 1972 मध्ये अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले. रॅचेल कार्सन यांच्या 1962 मधल्या ग्रंथाने देशाचे डोळे उघडले होते हे खरेच. पण न्यायाधीशासमोर ठेवायला पुरावा लागतो, आणि तो अठरा उन्हाळे एकाच बेटावर जाणाऱ्या माणसाकडे होता. पहिल्या वर्षी त्याने तीनशे घरटी लिहून ठेवली नसती, तर शेवटच्या वर्षीची साठ कमी आहेत हे कोणाला कळले असते?

आजही तेच चालले आहे. डीडीटी गेले, ऑस्प्रे परतले. लोकांनी खाडीत खांब रोवून वर लाकडी मंच बांधले, त्यांवर घरटी झाली. पण गेल्या काही वर्षांत चेसापीक उपसागराच्या काही भागांत पिल्ले पुन्हा उपाशी मरू लागली आहेत. मेनहेडन नावाचा चरबीदार मासा घरट्यांपर्यंत पुरेसा पोचत नाही असे अभ्यासक म्हणतात, मासेमारी करणाऱ्या कंपन्या ते मानत नाहीत, वाद चालू आहे. वाद सुरू तरी होऊ शकला, कारण प्रत्येक घरट्यात किती पिल्ले उडाली याच्या जुन्या नोंदी हाताशी होत्या.

हे सगळे परक्या मुलुखातले झाले. आपल्या किनाऱ्यावर ऑस्प्रे घरटे करत नाही, पण त्याचा एक दांडगा नातलग करतो. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यावर, वडावर, सुरूच्या झाडांवर त्याचे काटक्यांचे घरटे असते, आणि ते वर्षानुवर्षे तेच राहते. दर हंगामात नव्या काटक्या पडतात आणि घरटे वाढत जाते. खाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे सांगाडे पडलेले दिसले की वर गरुड आहे हे समजावे. झाड तुटले की पिढ्यान्‌पिढ्यांचे घर जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने या घरट्यांचा शोध सुरू केला. गावोगाव जायचे, मच्छीमारांना, गुराख्यांना, आंब्याच्या बागवाल्यांना विचारायचे, घरटे सापडले की मालकाला सांगायचे की हे झाड राहू दे.

त्याच कामासाठी 2002 साली ही मंडळी वेळासला गेली होती. मंडणगड तालुक्यातले, बाणकोटच्या खाडीजवळचे हे छोटे गाव. गरुडाचे घरटे पाहायला गेले आणि वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. विचारपूस केली तर कळले की ऑलिव्ह रिडले कासवे इथे अंडी घालतात, आणि ती खणून नेली जातात. गरुड राहिला बाजूला, कासवे आधी हातात घ्यावी लागली. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली. रात्री गावातली माणसे किनाऱ्यावर फिरायची, कासवाचा माग दिसला की खड्डा शोधायची, अंडी हलक्या हाताने उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरायची, तारीख लिहायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू खचते आणि पिल्ले वर येतात. पूर्वी अंडी विकणाऱ्यांपैकी काही जण पुढे याच कामात राखणदार झाले. आता कासव महोत्सवाला मुंबई-पुण्याची माणसे येतात, गावातल्या घरांत उतरतात, मोदक-भाकरी खातात, आणि गावाला चार पैसे मिळतात.

या नोंदींचा शेवट कुठे होईल सांगता येत नाही. 2021 मध्ये ओडिशात पायाला खूणपट्टी लावलेले एक कासव 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आले. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेलाही येतात हे त्या पट्टीवरच्या आकड्याने सिद्ध झाले. आणि तो आकडा कळला, कारण त्या रात्री किनाऱ्यावर कोणीतरी जागे होते आणि त्याने वाकून तो वाचला.

सालीम अलींचे नाव घेतल्याशिवाय हा आठवडा पुरा होत नाही, आणि त्यांचे पहिले मोठे काम याच किनाऱ्यावरचे, घरट्यापुढे बसून केलेले आहे. जर्मनीतून शिकून आले तेव्हा हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. 1930 सालच्या पावसाळ्यात आडोशाला बसून त्यांनी ती महिनोन्‌महिने न्याहाळली आणि जगाला माहीत नसलेली गोष्ट लिहिली. नर अर्धे घरटे विणतो, शिरस्त्राणाच्या आकाराचे. मादी येते, आत जाऊन ओढून-ताणून पाहते. पसंत पडले तर ती राहते आणि नर खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. नापसंत पडले तर अर्धवट लोंबते ठेवतो. आणि एका मादीने संसार मांडला की हाच नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो. आपल्याकडे विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लोंबणारी ती अर्धी घरटी दुधनीच्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिली आहेत. त्यांचा अर्थ सांगण्यासाठी एका बेकार तरुणाला एक पावसाळा बसावे लागले.

गिधाडांबाबतही हेच झाले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा झाडे रिकामी होत चालली होती. तिथून शोध सुरू झाला आणि जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकपाशी येऊन थांबला. 2006 मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली होती. दुधनीच्या आसपासही मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की गिधाडे उतरायची, हे पन्नाशीपुढचा कोणीही सांगेल. किती होती, हे मात्र कोणी सांगू शकणार नाही.

आणि आता घरचे दुखणे. सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभरच्या पक्षीतज्ज्ञांना माहीत झाले ते माळढोकामुळे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी या पक्षीनिरीक्षकाने नान्नजच्या माळावर हा पक्षी असल्याचे लक्षात आणून दिले. एकटा माणूस आणि त्याची चिकाटी असेच ते काम होते. पुरुषाच्या कमरेपर्यंत येणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जडांपैकी एक असा हा पक्षी. मादी उघड्या माळावर जमिनीवरच एक अंडे घालते. एकच. ते गुराच्या खुराखाली आले, कुत्र्याने नेले की वर्ष संपले. वन विभागाने माळाचे तुकडे राखले, गवत वाढू दिले, आणि पावसाळ्यात नराची खोल, घुमणारी हाक पुन्हा ऐकू येऊ लागली.

मग 1979 साली अभयारण्य झाले, आणि इथे गणित चुकले असे आमचे स्पष्ट मत आहे. 8,496 चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, त्यांतली गावे, शेते, विहिरी, रस्ते सगळे कागदावर अभयारण्यात गेले. जमिनीची खरेदी-विक्री अडली, बांधकामाला परवानगी मिळेना, कर्ज अडले. पक्षी ज्याने कधी पाहिला नाही त्याच्याही सातबाऱ्यावर माळढोक येऊन बसला. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो अंडे घालत होता त्याच्याच मनात त्याच्याविषयी राग साठला. पुढे विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. पण तोवर माळ ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाखाली गेला होता, विजेच्या तारा आडव्या आल्या होत्या, आणि तीस-बत्तीस वर्षांची कटुता साचली होती. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील, तेही मुख्यतः जैसलमेरच्या वाळवंटात.

लॉक गार्टनला घरटे लोकांच्या ताब्यात दिले. वेळासला खणणाऱ्या हातांनाच राखण सोपवली. नान्नजला आपण रेषा आखली आणि रेषेच्या आतल्या माणसाला विचारलेच नाही. नान्नजच्या वन कर्मचाऱ्यांनी उन्हातान्हात जे केले त्याला आमचा नमस्कार आहे, त्यांच्याकडे बोट दाखवायचे नाही. त्यांच्या जोडीला गावातली माणसे उभी करण्याची संधी मात्र हातची गेली.

चितमपल्लींना हे पक्के ठाऊक होते. ते वनाधिकारी होते, गणवेश होता, हुकूम देता आला असता. पण विदर्भातल्या नवेगावबांधच्या तळ्यावर ते शिकले गावच्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून, आदिवासींकडून, ढिवर-कोळ्यांकडून. कोणता पक्षी कधी येतो, कुठे अंडी घालतो, पाऊस लांबला तर काय करतो, हे त्यांनी गावच्या माणसांना विचारून टिपून घेतले. त्यांची पुस्तके आपण वाचतो ती त्या टिपणांतूनच आलेली.

आमच्या भागात असे सांगणारे कमी नाहीत. टिटवीचेच घ्या. उन्हाळ्यात नांगरट चालू असताना ढेकळांत चार अंडी दिसतात. मातकट, काळे ठिपके असलेली, निमुळती टोके आत आणि जाड टोके बाहेर. घरटे म्हणावे असे काही नसते, जरासा खळगा आणि कडेने बारीक खडे, कधी शेळीच्या लेंड्या. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, पंख मोडल्याचे सोंग करून लांब नेऊ पाहते. आणि आपला शेतकरी काय करतो? औत वळवून घेतो. तेवढा तुकडा सोडून देतो, शेजारी एखादा दगड किंवा काठी रोवतो, ट्रॅक्टरवाल्याला बजावतो. अंडी उंचवट्यावर असतील तर पाऊस दमदार आणि खोलगट जागी असतील तर बेताचा, हा अंदाज आजोबांपासून चालत आला आहे. अंदाजाच्या खरे-खोटेपणात आम्ही शिरत नाही. त्या अंदाजासाठी का होईना, अंडी कुठे होती हे दर वर्षी कोणीतरी नीट पाहत होते, हे मोलाचे आहे. राहिले आहे ते एवढेच, की ते लिहून ठेवायचे.

तुरीचेही असेच. दुधनीची बाजारपेठ तुरीवर उभी आहे आणि तुरीचा वैरी म्हणजे शेंगा पोखरणारी अळी. कृषी खाते वर्षानुवर्षे सांगते आहे की एकरी वीसेक पक्षीथांबे लावा. पिकापेक्षा थोडे उंच, आडवी काडी बांधलेले साधे दांडके. त्यावर कोतवाल, वेडा राघू, साळुंक्या येऊन बसतात आणि कीड टिपतात. थांबे लावले जातात ते थोड्या रानांत, फवारे मारले जातात ते बहुतेक रानांत. ज्या रानात थांबे लावले तिथे किती पक्षी बसले आणि फवारणी किती कमी लागली, हे दोन हंगाम कोणी टिपून ठेवले तर गावाला पटवायला कृषी सहायकाची गरज उरणार नाही. शेजाऱ्याची वहीच बोलेल.

म्हणून या पक्षी सप्ताहाकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. रांगोळी, घोषवाक्ये, भिंतीवर चिकटवलेली चित्रे हे सगळे व्हावे, मुलांना आनंद मिळतो. पण 12 तारखेला सप्ताह संपतो आणि भोरड्या मार्चपर्यंत इथेच असतात. दुधनी आणि आसपासच्या गावांतल्या प्रत्येक शाळेने एक जाड वही घ्यावी. पहिल्या पानावर गावाचा नकाशा मुलांनी हाताने काढावा: तळे, ओढा, विहिरी, वड-पिंपळ, माळाचे उरलेले तुकडे. मग दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी काय दिसले ते लिहावे. मराठीत, कन्नडमध्ये, नाव माहीत नसेल तर चित्र काढून. काही दिसले नाही तर तेही लिहावे. रिकाम्या दिवसाची नोंद पुढे जास्त कामाला येते. वही वर्गाची नसावी, शाळेची असावी, म्हणजे दहावी होऊन मुले गेली तरी ती चालू राहील. ज्याच्या हाती फोन आहे त्याने तीच नोंद ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी. पण कागदाची वही बंद पडू देऊ नये.

एक काळजी मात्र हवी. हातोहाती कॅमेरे आले आहेत आणि घरट्यातल्या पिल्लांचे छायाचित्र मिळवण्यासाठी फांद्या तोडण्यापर्यंत मजल जाते. आई उडून गेली की उन्हात अंडी भाजतात, कावळ्याला वाट मोकळी होते. घरटे दिसले तर लांबून पाहावे, लवकर निघावे, जागा समाजमाध्यमावर टाकू नये. वॉटरस्टन यांनी जागा जाहीर केली ती तार, कायदा आणि चोवीस तासांचा पहारा उभा केल्यावर. आपल्याकडे यांतले एकही नसताना जाहीर करणे म्हणजे घरटे उघड्यावर टाकणे होय. घरट्याची जागा वहीत लिहावी, फोनवर लिहू नये.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून दर वर्षी आशियाभरचे स्वयंसेवक एकाच पंधरवड्यात आपापली तळी मोजतात. उजनीवर माणसे जातात, हिप्परग्याच्या तळ्यावर जातात. यंदा कुरनूरच्या काठावरही दुधनी-अक्कलकोटकडची पोरे उभी राहावीत. बरोबर एखादे जाणते मच्छीमार असावेत, कारण पाण्यावरचा कोणता ठिपका बदक आणि कोणता पाणकोंबडा हे ते लांबूनच सांगतील. दुर्बीण शाळेकडे नसेल तर बाजार समितीने, पतसंस्थेने, एखाद्या अडत व्यापाऱ्याने एक घेऊन द्यावी. गावजेवणाला आपण ज्या हौसेने वर्गणी देतो त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही. चितमपल्लींच्या नावाने काही करायचे असेल तर पुतळ्याआधी ही दुर्बीण यावी, आणि पहिली गणना जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला, धरणाच्या भिंतीपाशी सुरू व्हावी.